जन्मवर्षाची साठ मिनिटे



हे व्याख्यान पुढे पुस्तिकेत छापले जाणार आहे, म्हणून जे आज इथे नाहीत पण उद्या ते वाचतील, त्या वाचकांनाही आत्ताच नमस्कार करून ठेवतो. साहित्य मंडळाच्या व्यासपीठावर होमिओपॅथीचा डॉक्टर काय बोलणार, अशी शंका काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. घाबरू नका. साबुदाण्याएवढ्या गोळ्यांबद्दल मी आज काही बोलणार नाही. विषय गाण्यांचा आहे, आणि तोही अगदी लहान आहे. आपण ज्या वर्षी जन्मलो त्या वर्षाची गाणी निवडून आपल्यापुरता एक संच करायचा. साठ मिनिटांचा. एकसष्टावे मिनिट नाही.

साठच का, ते आधी सांगतो. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढचे जे आहेत, त्यांना कॅसेट भरून घेणे म्हणजे काय ते आठवत असेल. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्ये आणली, आपल्याकडे ती घरोघरी पोहोचली ऐंशीच्या दशकात. त्या काळी प्रत्येक गावात एखादे तरी रेकॉर्डिंगचे दुकान असायचे. आपण वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. सी-साठ आणि सी-नव्वद असे दोन प्रकार होते. सी-नव्वदची फीत पातळ, गुंतण्याची भीती जास्त, म्हणून शहाणी माणसे सी-साठ घेत. एका बाजूला तीस मिनिटे. जुने गाणे साधारण साडेतीन मिनिटांचे, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूत तेवढेच मावायचे. म्हणजे एका बाजूला आठ गाणी बसायची आणि नवव्याची मान कापली जायची. दुकानदार विचारायचा, ‘डॉक्टर, हे शेवटचे अर्धे टाकू का वगळू?’ त्या प्रश्नाला उत्तर देताना माणसाची आवड कळते.

आज बोटभर पेनड्राईव्हवर हजारो गाणी मावतात. पाच हजार गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा डबाही बाजारात मिळतो, माझ्या अनेक रुग्णांच्या उशाशी तो असतो. त्याला मी नावे ठेवत नाही, रात्रीच्या एकटेपणात तो सोबत करतो. पण तिथे निवड दुसऱ्या कोणी तरी केलेली असते. मला तुमच्याकडून निवड हवी आहे, आणि निवड म्हटली की जागा अपुरी पाहिजे.

आता पहिला प्रश्न. तुमचे जन्मवर्ष कोणते?

हसू नका, हा प्रश्न सोपा नाही. माझ्या दवाखान्यात सत्तरीच्या पुढचे जे रुग्ण येतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून असते. बेळगाव, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, कुठूनही या, १ जून. शाळेत घालायला मूल नेले की गुरुजी बोटाने वर्षे मोजून १ जून लिहून टाकत. पुढे तीच तारीख नोकरीला, तीच पेन्शनला, आता तीच आधार कार्डाला. केस घेताना खरे वय लागते, म्हणून मी कागद बाजूला ठेवतो आणि वेगळे प्रश्न विचारतो. पानशेत फुटले तेव्हा तुम्ही चालत होता का? कोयनेच्या भूकंपाला कितव्या यत्तेत होता? गांधीजी गेले तेव्हा घरात कोण रडले ते आठवते का? पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७, गांधीजी ३० जानेवारी १९४८. या तीन खुंट्यांवर बहुतेकांचे वय टांगता येते. बायका आणखी नेमके सांगतात. ‘थोरल्या जावेचे दुसरे बाळंतपण आणि माझे पहिले एकाच श्रावणात’ असे त्या सांगतात, आणि त्यांच्या हिशेबाला शाळेचा दाखला कधीच मात करू शकत नाही.

माझाही दाखला १ जूनचाच आहे. आई मात्र सांगायची, तू भाद्रपदातला, दशलक्षण पर्वातला, पानशेतच्या आदल्या वर्षीचा. म्हणजे १९६०. गाव चिकोडी तालुक्यातले, पण बाळंतपण आईच्या माहेरी, अथणीकडे. हे ठिकाण लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

दुसरा प्रश्न त्याहून चिवट. गाण्याचे वर्ष कोणते? ध्वनिमुद्रण झाले ते, तबकडी निघाली ते, चित्रपट लागला ते, की तुमच्या गावच्या तंबूत तो पोहोचला ते? ‘मुगल-ए-आझम’ मुंबईत मराठा मंदिरला ५ ऑगस्ट १९६० रोजी लागला, पण त्याची जुळवाजुळव त्याआधी कित्येक वर्षे चालली होती. ‘जिस देश में गंगा बहती है’ १९६० चा म्हणून नोंदलेला असतो, आणि फिल्मफेअरची पारितोषिके मात्र त्याला १९६१ च्या चित्रपटांत मिळाली. मग तो कोणाचा? साठमध्ये जन्मलेल्याचा की एकसष्टमध्ये? अशा भांडणात मी सरळ नियम करून टाकला आहे. पडद्यावर किंवा रंगभूमीवर पहिल्यांदा आल्याचे वर्ष धरायचे, आणि जिथे वाद असेल तिथे ज्याला ते गाणे जास्त हवे त्याला देऊन टाकायचे. एकसष्टवाल्यांनो, ‘जिस देश में’ तुम्ही न्या. माझ्याकडे तसेही फार झाले आहे.

खरोखर फार झाले आहे. १९६० हे वर्ष म्हणजे दिवाळीच्या फराळाचे ताट. नौशाद, शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, रोशन, रवी, सलील चौधरी, मराठीत सुधीर फडके आणि वसंत प्रभू, सगळे एकाच वर्षी भरात. दरवर्षीच असे असते असे नाही. तुमच्या वाट्याला पातळ वर्ष आले असेल तर वाईट वाटून घेऊ नका, निवड सोपी जाते.

पण त्याआधी एक आक्षेप काढून टाकू. तो तुमच्यातल्या कोणी तरी मनात घेतलाच असेल. जन्मवर्षाची गाणी का? ती तर आपण ऐकलेलीच नसतात. माणसाची खरी गाणी म्हणजे मिसरूड फुटल्यापासून लग्न होईपर्यंतची. आक्षेप बरोबर आहे. स्मृतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञही तेच सांगतात की साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी माणसाला सर्वांत गडद आठवतात, आणि गाणीही त्यात आली. पण २०१३ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरोल क्रुमहान्सल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने विशीतल्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. मुलांना आपल्या वयाची गाणी तर जवळची वाटलीच, पण आणखी एक उंचवटा दिसला, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या गाण्यांचा. त्यांचे आईवडील विशीत होते तेव्हाच्या गाण्यांचा. मुले जन्मलीही नव्हती. घरात कोण काय गुणगुणत होते, त्याचा हा ठसा.

मला त्यात नवल वाटले नाही. जन्मवर्षाची गाणी आपली नसतातच, ती आईची असतात. आपल्या जन्माच्या वर्षी आपल्याला कान होते पण आवड नव्हती. आईला दोन्ही होते. पोटातल्या मुलाला सहाव्या महिन्याच्या पुढे आवाज ऐकू येऊ लागतो, आणि त्यात आईचा स्वतःचा आवाज सर्वांत स्पष्ट, कारण तो हवेतून आणि तिच्या शरीरातूनही येतो. म्हणजे माझ्या हिशेबाने १९६० च्या उन्हाळ्यापासून आई जे गुणगुणली असेल ते मी ऐकले. यावर कोणी गर्भसंस्काराचे वर्ग काढले आहेत, त्यांच्याशी माझा संबंध नाही. पोटात राग हमीर ऐकलेले मूल पुढे गवई होते असे मी चाळीस वर्षांत पाहिलेले नाही. मी एवढेच म्हणतो की हा संच करायला बसलात की तुम्हाला आईची चौकशी करावी लागते. ती कुठे होती, तिच्या कानावर काय पडू शकत होते, तिला गायची मुभा होती का.

आमच्या घरी रेडिओ नव्हता. तेव्हा रेडिओला परवाना लागायचा, टपाल कचेरीत दरवर्षी पैसे भरावे लागायचे, आणि आमच्या आजोबांच्या मते सिनेमाची गाणी ही घरात आणायची वस्तू नव्हती. सरकारचेही मत काही काळ आजोबांसारखेच होते. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झाले, आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला, अमीन सायानींचा आवाज. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली ती ही चूक दुरुस्त करायला. आमच्या गावात गाणी ऐकू यायची ती दोन ठिकाणांहून. एक, बसथांब्याजवळचे हॉटेल, आणि दुसरे, तंबाखूची वखार, जिथे शेटजींनी बायकांचे हात चालते राहावेत म्हणून रेडिओ लावलेला असे. आईला या दोन्ही ठिकाणी जायचे कारण नव्हते. पण विहिरीची वाट वखारीवरून जायची. आई सांगायची, त्या वर्षी पाण्याच्या खेपा कमी पडायच्या नाहीत.

आता यादीकडे वळू.

‘अनुराधा’पासून सुरुवात केली. १९६० चे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेला हृषीकेश मुखर्जींचा चित्रपट. संगीत पंडित रविशंकरांचे, गीते शैलेंद्रची. कथा तुम्हाला आठवत असेल. एक गाणारी मुलगी खेड्यातल्या डॉक्टरशी लग्न करते, डॉक्टर रुग्णांत बुडतो, तिचे गाणे तंबोऱ्यासकट कोपऱ्यात जाते. बलराज साहनींनी तो डॉक्टर असा केला आहे की त्याचा रागही येत नाही, आणि तेच त्या चित्रपटाचे दुखणे आहे. प्रत्येक डॉक्टरने दर पाच वर्षांनी तो पाहावा असे माझे मत आहे. आमच्या सौभाग्यवतींचे मत, दरवर्षी पाहावा. लतादीदींची यातली दोन गाणी घेतली. खरे म्हणजे चारही घेण्यासारखी आहेत, पण मग बाकीच्यांनी कुठे जावे?

त्याला लागूनच ‘परख’. बिमल रॉय यांचा चित्रपट, आणि त्याची कथाही संगीतकार सलील चौधरींचीच. त्यातले पावसाचे गाणे लतादीदींच्या स्वतःच्या आवडीच्या गाण्यांत मोजले जाते. आमच्याकडे पाऊस जूनमध्ये खानापूरच्या बाजूने येतो आणि मातीचा वास घेऊन येतो, त्या वासाला आवाज असता तर तो असाच असता, एवढेच म्हणतो.

‘मुगल-ए-आझम’चे काय करावे यावर मी बरेच दिवस घालवले. शीशमहालातले गाणे सगळ्यांना पाठ आहे. तेच घेतले तर संच माझा कसा राहिला? मी उस्ताद बडे गुलाम अली खाँसाहेबांचा सोहनी घेतला. सिनेमात गायला ते तयार नव्हते, म्हणून त्यांनी नाही म्हणावे लागू नये इतका मोठा आकडा मागितला आणि निर्मात्याने तो मान्य केला, असे सांगतात. पडद्यावर तो सूर तानसेनाच्या तोंडी आहे आणि प्रसंग प्रणयाचा आहे. एक वयस्क, जाड मिशांचे गवई मुंबईच्या स्टुडिओत उभे राहून कोणाच्या तरी प्रेमासाठी इतके हळुवार गातात, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

‘कोहिनूर’मधला रफीसाहेबांचा हमीर घेतला. त्यासाठी दिलीपकुमार सतार शिकले, कारण हात खोटे दिसलेले त्यांना चालणार नव्हते. ‘बरसात की रात’मध्ये ती प्रसिद्ध कव्वाली आहे, बारा मिनिटांची, तबकडीच्या एका बाजूत मावणारच नाही अशी. रोशन आणि साहिर दोघेही तिथे शिखरावर आहेत. पण माझ्या सी-साठचा पाचवा हिस्सा ती एकटी खाते. तीन चांगल्या गाण्यांचा बळी देऊन ती ठेवायची का? मी नाही ठेवली. त्याऐवजी त्याच चित्रपटातले रफीसाहेबांचे ते गाणे घेतले, जे त्या वर्षी बिनाकाच्या वार्षिक यादीत सर्वांच्या वर होते. तुम्ही साठचे असाल आणि कव्वाली ठेवाल, तर मला तुमच्याबद्दल आदरच वाटेल.

‘चौदहवीं का चाँद’ने रफीसाहेबांना पहिले फिल्मफेअर मिळवून दिले, आणि ‘दिल अपना और प्रीत पराई’साठी शंकर-जयकिशन यांना त्याच समारंभात संगीताचे पारितोषिक मिळाले. ‘मुगल-ए-आझम’ला डावलून! त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. मी दोन्हीकडचे एकेक घेऊन वाद वाढवणार नाही. ‘दिल अपना’ही डॉक्टरचाच चित्रपट आहे, पण एका संचात डॉक्टर एकच पुरे.

मराठीत १९६० म्हणजे ‘जगाच्या पाठीवर’. राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर, सुधीर फडके. तीन माणसांनी मिळून एका भटक्याची गोष्ट केली आणि जवळजवळ प्रत्येक गाणे घराघरांत गेले. त्यातले धाग्यांचे गाणे मी घेतले, आणि त्याला माझे एक खासगी कारण आहे. माझा दवाखाना शहापूर-वडगावच्या मधोमध आहे, म्हणजे मागांच्या खटखटाटात. चाळीस वर्षे यंत्रमागावर उभे राहिलेल्या माणसाचे कान हळूहळू जातात, पण सगळे एकदम जात नाहीत. आधी उंच कंपने जातात, चार हजार हर्ट्झच्या आसपासची. त्यामुळे स, श, फ, त ही व्यंजने हरवतात आणि स्वर मात्र राहतात. असा माणूस म्हणतो, ‘डॉक्टर, ऐकू येतंय, पण कळत नाही.’ घरचे समजतात, म्हाताऱ्याला हवे तेवढेच ऐकू येते. पण बाबूजींचे शब्दोच्चार असे ठाशीव आहेत की त्या कानांतही ते बरेचसे शिरतात. वडगावातल्या एका वृद्ध विणकराला मी हे गाणे दवाखान्यात मोबाईलवर ऐकवले. ते ऐकताना त्यांची बोटे धोटा सरकवल्यासारखी हलत होती. मी काही औषध म्हणून हे सांगत नाही. त्यांना श्रवणयंत्रच लागणार होते, आणि तसे मी लिहूनही दिले. पण आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठी संच करायचा असेल तर हे ध्यानात ठेवा. वाद्यमेळ कमी, आवाज मधल्या पट्टीतला, शब्द स्वच्छ.

वसंत प्रभूंचे ‘कन्यादान’मधले एक, पी. सावळारामांच्या शब्दांतले. आणि रंगभूमीवरचे एक, ‘पंडितराज जगन्नाथ’मधले, वसंत देसाईंच्या चालीतले, गोव्याच्या प्रसाद सावकारांच्या आवाजातले. ही दोन्ही गाणी आम्ही लहानपणी लग्नात आणि गणपतीत कर्ण्यांवरून इतकी ऐकली आहेत की त्यांच्याबरोबर कर्ण्याची घरघरही ऐकू येते.

आता मी जिथे आलो आहे तिथे सभागृहात थोडी चुळबूळ होईल. होऊ द्या.

१९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले. राजा बढ्यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळ्यांनी चाल दिलेले आणि शाहीर साबळ्यांनी गायलेले महाराष्ट्रगीत त्याच वर्षाचे. २०२३ मध्ये ते महाराष्ट्राचे अधिकृत राज्यगीत झाले. ते माझ्या जन्मवर्षाचे आहे, पण ज्या राज्याचे ते गीत आहे त्या राज्यात मी जन्मलो नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी १९५६ च्या १ नोव्हेंबरलाच म्हैसूर राज्यात गेले होते. आमच्या घोषणेत बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी ही नावे होती, आणि १ मेच्या नकाशात ती नव्हती. अण्णा त्या दिवशी निपाणीला गेले होते. पेढे वाटणारे आणि तोंड फिरवून बसलेले, दोन्ही त्यांनी एकाच रस्त्यावर पाहिले. परत येऊन ते आईला म्हणाले होते, ‘लग्न झालं, पण आपण मांडवाबाहेर.’ हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे वापरले गेले.

ते गीत मी घेतले. अ बाजूच्या शेवटी. त्याच्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

आणि ब बाजूच्या सुरुवातीला एक कन्नड गाणे आहे. ‘भक्त कनकदास’ हा राजकुमारांचा चित्रपट १९६० चाच, आणि त्यात पी. बी. श्रीनिवास यांनी गायलेली पदे आजही उत्तर कर्नाटकात देवळादेवळांत ऐकू येतात. माझी आई अथणीकडची. ती आमच्याशी मराठी बोलायची, तिच्या आईशी कन्नड, आणि रागावली की दोन्ही. आमच्या भागातल्या जैन घरांत हे नवीन नाही. बस्तीत पूजा संस्कृत-प्राकृतात, पाठशाळा मराठीत, आणि शेतीचा हिशेब कन्नडात. धारवाड आकाशवाणी १९५० पासून सुरू होती आणि माहेरच्या शेजाऱ्यांकडे रेडिओ होता. ज्या भाद्रपदात मी जन्मलो, त्याच्या आधीचे तीन महिने ती तिथे होती. मग माझ्या कानात पहिले काय पडले असेल, तुम्हीच सांगा.

हे गाणे काढून टाका, असे मला एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सुचवले. आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर ते बरे दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा मान राखून सांगतो, आपले मंडळ मराठीसाठी आहे, म्हणूनच इथे हे सांगितले पाहिजे. मराठीचा हक्क मी सोडलेला नाही. सत्तर साली, शाळकरी असताना, मोर्चात चाललो आहे आणि आजही दाखला मराठीत मागतो. पण सरकारशी असलेले भांडण आईच्या आवाजाशी का करायचे? जन्मवर्षाचा संच प्रामाणिक करायचा तर आईची भाषा त्यातून वगळता येणार नाही. माझ्या आईच्या दोन होत्या.

अशी पंधरा गाणी झाली. बेरीज साडेबावन्न मिनिटे. उरली साडेसात.

इथे मला एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. सिनेमाच्या चालींवर स्तवने रचण्याची रीत आपल्याकडे सगळ्याच धर्मांत आहे. आम्हा जैनांत ती जोरात आहे. शब्द जिनेंद्रांचे, चाल शंकर-जयकिशनची. पाठशाळेचे गुरुजी हुशार, मुलांच्या जिभेवर काय आहे ते त्यांना कळायचे, आणि तेवढ्या रात्रीत शब्द बदलून यायचे. जाणकार नाक मुरडतात. मला वाटते, ज्या घरांत सिनेमाची बंदी होती त्या घरांत ही गाणी वेष पालटून शिरली, आणि बायकांना मोकळ्या गळ्याने गायला मिळाले.

चातुर्मासात आमच्या गावी कधीकधी मुनीमहाराजांचे वास्तव्य असायचे. चार महिने सगळे गाव त्यांच्याभोवती. कार्तिकात चातुर्मास संपला की विहार. महाराज पायी निघायचे, आणि गाव वेशीपर्यंत मागे. दिगंबर मुनी मागे वळून पाहत नाहीत, थांबत नाहीत, कोणाचा निरोप घेत नाहीत. रडायचे ते आपण. तेव्हा बायका एक गाणे म्हणायच्या, आणि पुढची ओळ आई सांगायची. मी पाच-सहा वर्षांचा असेन. ती चाल ऐकली की पोटात खड्डा पडायचा.

पुढे बेळगावला वसतिगृहात असताना एका रात्री शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर मुकेशच्या आवाजात तीच चाल आली. ‘बम्बई का बाबू’, १९६०, सचिनदेव बर्मन, मजरूह. मुलीच्या पाठवणीचे गाणे. मी म्हणालो, ‘अरे, हे तर आमच्या महाराजांच्या विहाराचे!’ मित्र पोट धरून हसले आणि पुढे वर्षभर मला मुनीमहाराज म्हणून हाक मारत राहिले. पण ज्याने कोणी ते शब्द बदलले त्याची जाण बघा. घर सोडून जाणारी लेक आणि गाव सोडून जाणारा मुनी, दोघेही परतायचे नाहीत हे माहीत असून वेशीपर्यंत जायचे. त्याने चाल नुसती उचलली नव्हती.

मुकेशचे गाणे मिळवायला दहा सेकंद लागले. आईचे कुठून मिळवणार? ती जाऊन एकोणीस वर्षे झाली. आमच्याकडे तिच्या आवाजाची एकही फीत नाही. गुरुजींची वही वाळवीने खाल्ली. गावातल्या ज्या बायका ते म्हणायच्या त्यांतल्या दोघी हयात आहेत, एकीला काही आठवत नाही आणि दुसरीला चाल आठवते, शब्द नाहीत.

म्हणून तुम्हाला विनंती करतो, आणि ही माझी डॉक्टर म्हणून केलेली विनंती समजा. संच पुढच्या महिन्यात केला तरी चालेल. पण ज्यांच्या आई, मावश्या, आत्या आज आहेत, त्यांनी या आठवड्यात त्यांच्यापुढे मोबाईल ठेवावा आणि विचारावे, ‘मी झालो त्या वर्षी तुम्ही काय म्हणत होता?’ पहिल्यांदा त्या ‘आम्हाला कुठलं येतंय’ म्हणतील. पाच मिनिटे गप्प बसा. केस घेताना आम्ही तेच करतो. नंतर जे येते ते खरे असते.

माझी धाकटी बहीण सांगलीला असते. तिला फोन केला. ती म्हणाली, दादा, मला दोन कडवी येतात. मी म्हणालो, मला तीन येतात. म्हणून पाहिले तर दुसऱ्या कडव्याची दुसरी ओळ तिची वेगळी आणि माझी वेगळी. तिच्या ओळीत महाराजांच्या हातात पिंछी आहे, माझ्या ओळीत कमंडलू. अर्धा तास आम्ही भांडलो. दोन्ही छंदात बसतात, आणि आई दोन्ही म्हणत असेल, हेही शक्य आहे. शेवटी तिने तिच्या पद्धतीने म्हणून पाठवले, चार मिनिटे. तेही मधे थांबून, कारण कुकरची शिट्टी झाली आणि ती ‘थांब हं’ म्हणून उठली. मुलगा म्हणाला, बाबा, शिट्टी काढून टाकता येते. मी म्हटले, राहू दे.

मुकेशचे साडेतीन आणि तिचे चार. साडेसात मिनिटे बरोबर भरली.